दाखवायला ठेवलेला पाय

एका मुलीचा डावा पाय मी जाणूनबुजून वाकडा राहू दिला. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या डॉक्टरांनी मला हात धरून शिकवलं त्यांना नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या मुलीच्या आईला तर नाहीच नाही. या गोष्टीला आता नऊ वर्षं होत आली. एवढ्या काळात कितीतरी डॉक्टर आणि नर्सा माझ्याकडून शिकून गेल्या. प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी बजावतो, दोन्ही पाय वाकडे असतील तर दोन्ही एकाच दिवशी हातात घ्या. मास्तर एवढं ठासून का सांगतात, असं कोणी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर काय सांगायचं हे मी ठरवून ठेवलं होतं. तेही खोटंच होतं.

मी डॉक्टर नव्हे. सोलापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागलो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, मोडक्या हाताला कामट्या लावून द्यायच्या, एवढंच काम. पुढे मोठे डॉक्टर आले. मुंबईचे, विलायतेत हाडांचं शिकून आलेले. त्यांच्या घरची भाषा गुजराती. आमच्याशी ते इंग्रजीत बोलत. मराठी त्यांना 'दुखतं का', 'कधीपासून', 'पुढच्या आठवड्यात या' इतपतच येई. माझं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं, पण कामापुरतं होतं. त्यामुळे डॉक्टर आणि रोगी यांच्या मध्ये नेहमी मी उभा. डॉक्टर मला सांगत, मी रोग्याला सांगे. रोगी मला सांगे, मी डॉक्टरांना. दोन्ही बाजूंनी जे जाई ते माझ्या तोंडातून जाई. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा मी जो उपयोग केला तो इथूनच सुरू होतो.

डॉक्टरांनी दर गुरुवारी दुपारी एक वर्ग सुरू केला. लहान मुलांचे पाय, पाठ, त्यांचं बसणं, उठणं, चालणं, यात जे बिघडतं ते कसं ओळखायचं आणि कसं सुधारायचं, एवढाच त्याचा विषय. तालुक्यांतून अशी मुलं आमच्याकडे येत ती पाच-सहा वर्षांची होऊन. तोवर हाडं घट्ट झालेली असत. डॉक्टर म्हणत, "मूल महिन्याचं असतं तेव्हा हाड मेणासारखं असतं. तेव्हा ते गावातल्या डॉक्टरच्या हातात असतं, आपल्या नाही. म्हणून त्याला शिकवायचं."

त्यांची शिकवण्याची रीत वेगळी होती. मूल उघडं करून चटईवर ठेवायचं आणि पहिली पंधरा मिनिटं कोणीही हात लावायचा नाही. सगळ्यांनी हात पाठीमागे बांधून उभं राहायचं आणि नुसतं बघायचं. मूल कोणत्या कुशीवर वळतं, उठताना कोणता हात टेकतं, मान कुठे कलते, कोणता पाय मागे राहतो. मोडनिंबचे एक जुने डॉक्टर होते, त्यांना हे अजिबात जमत नसे. दोन मिनिटांत त्यांचा हात नाडीकडे जाई. मग डॉक्टर नुसते त्यांच्याकडे बघत आणि ते पुन्हा हात मागे घेत, शाळेत छडी चुकवल्यासारखे.

बघून झालं की हाताचं काम, आणि ते डॉक्टरांनी माझ्यावर सोपवलं होतं. माझे हात त्यांना पसंत होते. प्लास्टरच्या पट्ट्या आम्हीच करत असू. जाळीच्या कापडावर भुकटी चोळायची, सैल गुंडाळी करायची आणि पत्र्याच्या डब्यात कोरडी ठेवायची. आत वळलेलं पाऊल सरळ करायला क्रम असतो. आधी पुढचा भाग बाहेर, मग टाच, आणि वर उचलणं सगळ्यांत शेवटी. दर आठवड्याला थोडं थोडं. पाऊल नेमकं धरून ठेवायचं, नर्सबाईंनी भिजवलेली पट्टी गुंडाळायची आणि ती घट्ट होईपर्यंत बोट हलवायचं नाही. मी हे करत असताना पुण्याला शिकून पदव्या घेतलेले डॉक्टर माझ्या खांद्यावरून वाकून बघत. ते मला 'मास्तर' म्हणू लागले. सुरुवातीला थट्टेने म्हणत, मग सवयीने. पण मी ते पहिल्या दिवसापासून खरंच धरलं होतं.

थट्टा करण्यात सांगोल्याचे डॉक्टर पुढे. वयाने तरुण, जिभेने तिखट. "मास्तर, आमच्याकडं प्यायला पाणी नाही, तुमची पट्टी कशात भिजवू? ताकात चालेल का?" असं विचारून सगळ्या वर्गाला हसवत. एकदा मी एका पोराचं सरळ झालेलं पाऊल त्यांना दाखवत होतो. दोन महिन्यांची मेहनत होती. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे की. पण हा मुळात वाकडा होता कशावरून? तुम्ही म्हणता म्हणून? आमच्याकडं एक वैदू येतो, तोही असंच सांगतो."

सगळे हसले. मीही हसलो. पण ते मला लागलं, आणि लागलं ते कुठेतरी आत जाऊन बसलं.

ती बाई आली त्याच्या पुढच्या गुरुवारी. मूळची मंद्रूपची. नवरा मिलमध्ये मागावर, ती वाइंडिंग खात्यात सूत भरायला, राहायला मिलजवळच्या चाळीत. पदरात सव्वा महिन्याची मुलगी. तिनं मुलगी चटईवर ठेवली आणि स्वतःच दोन पावलं मागे सरली, जणू काही आपला माल तपासायला दिला आहे. दोन्ही पावलं आत वळलेली, तळवे एकमेकांकडे तोंड करून, नमस्कार केल्यासारखे. दोन्ही अगदी सारखी.

कोणी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "माजीच चूक हाय. गिरान लागलं तवा मला दुसरा म्हैना हुता. सासू म्हनली, घरात गप पडून ऱ्हा, पाय वाकडा टाकू नगं, काय तोडू नगं. पर मिलमधी गिरानाची सुट्टी असती व्हय? मी आपली खात्यात एका पायावर भार टाकून उबी, आन सूत तोडतीया."

ग्रहणाची ही गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली. ते त्या दिवशी ज्या शांतपणे बोलले ते मला शब्दाशब्दाने आठवतं. "तिला सांग, याचा ग्रहणाशी काही संबंध नाही. अंधाऱ्या खोलीत झोपून राहिलेल्या बायकांचीही मुलं अशी जन्मतात. ही कोणाचीच चूक नाही. आणि पाय सरळ होतील, दोन्ही."

हे मी तिला नीट सांगितलं. काही कमी केलं नाही, जास्त केलं नाही. ती म्हणाली, "व्हय?" मी म्हणालो, हो. ती पुन्हा म्हणाली, "खरंच व्हय?" मग पदर डोळ्यांना लावून बसली. नर्सबाईंनी तिला पाणी दिलं. त्या गुरुवारी पट्टी घातली नाही, मुलीला थोडी सर्दी होती.

त्यानंतर चार दिवसांनी डॉक्टर मुंबईला गेले. त्यांच्या आईचं दुखणं लांबणार होतं, आणि वर्गाला सरकारी मान्यता मिळवायची खटपटही तिथेच करायची होती. पुण्याहून एक मोठे सर्जन चैत्रात वर्ग बघायला येणार असं ठरलं होतं. त्यांना पटलं तर वर्ग कायमचा होणार आणि मी शिकवणारा म्हणून कागदावर येणार. स्टेशनवर गाडीत बसता बसता डॉक्टर मला म्हणाले, "ती मंद्रूपवाली मुलगी. दोन्ही पाय, दर आठवड्याला. चुकवू नकोस."

मी हो म्हणालो.

गुरुवारी मी उजवा पाय घेतला. वर्ग भरलेला होता. पाऊल हातात धरलं, क्रमाने वळवलं, पट्टी बसली, घट्ट झाली. हात धुतले. नर्सबाईंनी दुसऱ्या पट्टीसाठी पाणी ओतलं आणि विचारलं, "भिजवू?"

मी म्हणालो, "नको. आज एवढंच."

हे मी आदल्या रात्रीपासून ठरवलं होतं. दोन्ही पाय सारखे वाकडे असलेलं मूल सहज मिळत नाही. एक सरळ करायचा, एक तसाच ठेवायचा. पुण्याचे सर्जन येतील तेव्हा एकाच मुलीचे दोन पाय त्यांच्यापुढे ठेवायचे. हा असा होता, हा असा केला. मग सांगोलेकरांनाही काही म्हणायला जागा राहणार नाही. सर्जन गेले की दुसऱ्या दिवशी डावा सुरू करायचा. बारा-तेरा आठवड्यांचा प्रश्न.

प्लास्टर माझ्या हातात रोज होतं. डाव्या पावलाचा ठसा घेऊन तो फडताळात ठेवता आला असता आणि पाय त्याच दिवशी सुरू करता आला असता. हे तेव्हा मला सुचलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. सुचलं होतं. पण पांढऱ्या ठशाने वैदूची गोष्ट संपत नाही. ठसा कोणाचाही असू शकतो, असं सांगोलेकर म्हणाले असते. मला जिवंत पाय हवा होता.

सांगोलेकरांनी विचारलं, "दुसरा, मास्तर?"

"एकेकच करायचा असतो," मी म्हणालो. "एवढं लहान मूल, दोन्हींचा भार त्याला सोसत नाही."

त्यांनी मान हलवली आणि वहीत उतरवून घेतलं. एरवी माझ्या प्रत्येक वाक्याला शेपूट लावणारा माणूस, पण त्या दिवशी एक शब्द न बोलता त्याने माझं खोटं लिहून घेतलं. (पुढे मी त्यांना कार्ड टाकलं, की आता पद्धत बदलली आहे, दोन्ही एकदम घ्यावेत. बदलली कसली, ती कधी तशी नव्हतीच.)

आईलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "तुमी म्हनाल तसं." दर गुरुवारी खात्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून ती येई. तिच्या केसांत कापसाचे तंतू असत, तेही मला आठवतात.

डॉक्टरांसाठी एक रजिस्टर ठेवायचं असे, इंग्रजीत. पहिल्या गुरुवारी मी त्यात लिहिलं, दोन्ही पायांना प्लास्टर. वाटलं, सर्जन आले की हे खरं करून टाकू, मधल्या आठवड्यांचं कोण मोजतंय. दुसऱ्या गुरुवारीही तेच लिहिलं, कारण पहिल्याला ते लिहिलं होतं.

उजवा पाय सुंदर येत गेला. हे लिहिताना आजही मला त्याचा आनंद होतो आणि त्या आनंदाची लाजही वाटते. दहाव्या आठवड्याला पाऊल सरळ, मऊ, पूर्ण वळणारं. प्लास्टर थांबवून मी तिला रात्री बांधायला कातड्याची पट्टी करून दिली. आई त्या पावलावर हात फिरवत राहिली. मग तिचा हात डाव्यावर गेला.

"मास्तर, आता ह्यो?"

"आता तीन आठवड्यांनी. मोठे साहेब बघायला येणार आहेत, त्यांनी बघितला की लगेच."

"त्येनी बघितल्याबिगार न्हाय व्हनार व्हय?"

"नाही," मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी पत्र आलं की सर्जनसाहेब वैशाखात येतील. त्या दिवशी मी डावा पाय सुरू करायला हवा होता. पण सुरू केला असता तर सर्जनसाहेब येईपर्यंत तो अर्धा सरळ झाला असता. म्हणजे दाखवायलाही नाही आणि पुराही नाही. मग इतके आठवडे पोरीला तसंच कशाला ठेवलं? मी थांबलो. एकदा थांबलो की पुढचा प्रत्येक आठवडा थांबायचं आणखी एक कारण होऊन बसे.

नर्सबाई तेलुगु घरातल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांना रजिस्टरातलं काही ठाऊक नव्हतं. एका गुरुवारी पट्ट्यांवर भुकटी चोळता चोळता त्या मान खाली ठेवूनच म्हणाल्या, "मास्तर, पोर चार महिन्यांची झाली. मेण किती दिवस मेण राहतं?"

"तुम्ही पट्ट्या करा," मी म्हणालो.

"करतेच आहे," त्या म्हणाल्या. "कोणासाठी, तेवढंच कळत नाही." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. उन्हाळ्यात त्या नोकरी सोडून भावाकडे गेल्या. सांगोलेकरांचा वर्गही त्याच सुमाराला पुरा झाला.

मग वैशाखात सोलापूर पेटलं. मार्शल लॉ आला. त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे आणि ते लिहिण्यासारखंच आहे. मला त्यातलं माझंच तेवढं सांगायचं आहे. मिली बंद पडल्या, चाळी रिकाम्या झाल्या, लोक गाठोडी घेऊन आपापल्या गावी निघाले. ती बाई मुलीला घेऊन मंद्रूपला गेली. सर्जनसाहेब येण्याचा प्रश्नच उरला नाही. शहरावर गोऱ्या सोजिरांचा पहारा होता, माणसं घरात कोंडली होती, आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. आता डावा पाय राहिला याला कारण होतं, आणि ते मी नव्हतो. रजिस्टर काढून मी मागच्या आठवड्यांपुढे रिकाम्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं: डावं प्लास्टर घरी निघालं. अशा सात-आठ ठिकाणी लिहिलं. शाई निराळी दिसू नये म्हणून जुन्या दौतीतली वापरली.

आषाढ संपता संपता डॉक्टर परत आले. मिली सुरू झाल्या तशी तीही आली. मुलगी आठ महिन्यांची झाली होती. चटईवर ठेवली तर पोटावर सरकत पुढे जाई, उजवं पाऊल नीट टेकून रेटा देई आणि डावं नुसतं मागून ओढलं जाई. मी हात पाठीमागे बांधून उभा होतो. त्या दिवशी वर्ग नव्हता. खोलीत डॉक्टर, ती आणि मी.

डॉक्टरांनी डावं पाऊल हातात घेतलं, वळवून पाहिलं. ते वळत नव्हतं. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि वाचू लागले. "डावं प्लास्टर घरी निघालं. घरी निघालं. पुन्हा घरी निघालं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "विचार तिला, का काढलं."

डावीकडे कधी प्लास्टर घातलंच नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तो प्रश्न मी तिला जसाच्या तसा विचारला असता, तर पुढच्या वाक्याला सगळं संपलं असतं.

मी म्हणालो, "बाई, डॉक्टर विचारताहेत, ग्रहण लागलं तेव्हा तुम्ही काय केलं होतं?"

ती गोंधळली. "पर तेच म्हनले हुते की, गिरानाचं काय नसतं म्हनून?"

"तरी पुन्हा सांगा म्हणतात."

तिचा चेहरा कसा बदलत गेला ते मी पाहिलं. इतके महिने जे ओझं तिनं खाली ठेवलं होतं ते तिनं पुन्हा उचललं. सगळं सांगितलं. सासूनं बजावलं होतं ते, खात्यात उभी राहिली ते, सूत तोडलं ते. सांगता सांगता रडू लागली आणि डॉक्टरांच्या पायांशी वाकून म्हणाली, "मी चुकली, सायब. माजंच चुकलं."

तेवढं मराठी डॉक्टरांना कळत होतं. त्यांनी मान डोलावली. मला भाषांतर करावंच लागलं नाही.

"सांग तिला," ते म्हणाले, "झालं ते झालं. अजून प्रयत्न करू. पण यापुढे घरी काढलं तर पाय सरळ होणार नाही."

मी तिला सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, झालं ते झालं. आता प्रयत्न करू. होईल तेवढा होईल."

"मंजी गिरानच," ती म्हणाली.

मी हो म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही. पट्टी भिजवायला वळलो.

तीन गुरुवार ती आली. एवढ्या मोठ्या मुलीला पाऊल वळवताना फार दुखतं. ती किंचाळे, आणि आई भिंतीकडे तोंड करून उभी राही. तिसऱ्या वेळी म्हणाली, "सासू म्हनती, देवानं वाकवल्यालं मानूस सरळ करतो व्हय. पाप माजं, आन वराडती ही." चौथ्या गुरुवारी ती आली नाही. डॉक्टर म्हणाले, "चाळीत जा. समजावून घेऊन ये."

मी गेलो. चाळीच्या कोपऱ्यापर्यंत. तिथून तिचं दार दिसत होतं, उघडं होतं, आणि उंबऱ्यात मुलगी बसलेली. मी पानाच्या दुकानाशी थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो. डॉक्टरांना सांगितलं, कुलूप आहे. ते म्हणाले, "या बायकांचं हे असंच." त्यांनी कधी कोणा बाईविषयी असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. तेही माझंच शिकवणं.

पुढच्या महिन्यात पुण्याहून लखोटा आला. सर्जनसाहेबांना येणं जमत नाही, परंतु आलेल्या अहवालांवरून वर्ग समाधानकारक दिसतो, सबब मान्यता देण्यात येत आहे. शिकवणारा म्हणून खाली माझं नाव होतं. डॉक्टरांनी पेढे वाटले. ज्याच्यासाठी पाय ठेवला त्या माणसाने तो कधी पाहिलाच नाही.

नोकरी सोडावी असं दोनदा मनात आलं. पण मला दुसरं काही येत नाही, आणि जे येतं ते मी चांगलं करतो. दर गुरुवारी नवी माणसं येतात, हात पाठीमागे बांधून उभी राहतात, आणि मी त्यांना सांगतो, आधी नीट बघा. एखादी आई आपलंच काही चुकलं असं बोलू लागली की मी तिथेच शिकवणं थांबवतो आणि तिला सांगतो की ही तिची चूक नाही. दोनदा, तीनदा सांगतो. बायका माझ्याकडे चमत्कारिक बघतात. शंभर आयांना सांगितलं तरी त्या एकीला सांगितलेलं होत नाही, हे मला कळतं.

डॉक्टर तीन वर्षांपूर्वी कायमचे मुंबईला गेले. जाताना माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "हे हात मी घडवले, याचा मला अभिमान आहे." तेव्हा सांगायला हवं होतं. गाडी सुटायला बराच वेळ होता.

गेल्या श्रावणात मिलच्या फाटकाशी मला त्या दोघी भेटल्या. दुपारची सुट्टी संपत आली होती. मुलगी आईसाठी डब्यात भाकरी घेऊन आली होती, ती आईनं नुकतीच खाल्ली होती. आठ-नऊ वर्षांची, उंच, तरतरीत डोळ्यांची. डाव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालते. तिथली कातडी जाड, काळी, उंटाच्या गुडघ्यासारखी झाली आहे. उजवं पाऊल असं की वर्गात दाखवावं.

आईनं मला ओळखलं. लगबगीने पुढे आली. "अगं, पाया पड. ह्येच ते मास्तर. ह्येनी तुजा उजवा पाय दिला."

मुलगी पाया पडली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "मग डावा का न्हाय दिला?"

"गप," आई म्हणाली. "त्यो माज्यामुळं ऱ्हायला. किती येळा सांगितलंय तुला." मग मला म्हणाली, "लई फाटक्या तोंडाची हाय, मास्तर. मनावर घिऊ नगा."

मी काय केलं? मी तिथेही मास्तरच झालो. म्हणालो, आता मुंबईला शस्त्रक्रिया करतात, या वयातही पाय पुष्कळ सुधारतो, आपले डॉक्टर तिथेच आहेत, मी चिठ्ठी देतो, सोबतही येतो. हे सगळं खरं होतं.

ती मान हलवत राहिली. "नगं, मास्तर. पाप म्या केलं, सुरी तिच्या अंगाव कशाला? देवानं निशानी ठेवलीया ती ऱ्हाऊंद्या. मागल्या खेपंला मी गिरान पाळलं, सबंद दिवस अंदारात पडून ऱ्हायली, कामाव गेली न्हाय. पोरगा नीट झाला की. मग?"

याच्यावर एकच उत्तर होतं आणि ते फक्त माझ्याकडे होतं. भोंगा झाला. ती आत गेली. मुलगी रिकामा डबा घेऊन निघाली, आणि मी तिचं चालणं पाहत राहिलो, शिकवल्याप्रमाणे, हात पाठीमागे.

चिठ्ठी लिहून ठेवली आहे. डॉक्टरांचं उत्तरही आलं आहे, मुलीला घेऊन या म्हणून. अडलं आहे ते आईच्या एका समजुतीपाशी, आणि ती समजूत मी तिच्या डोक्यात परत घातली. हे मी इथे लिहिलं, पण तिला वाचता येत नाही, त्यामुळे लिहिण्याने माझं काही फिटलं असं मी मानत नाही. मला त्या चाळीत जायचं आहे, कोपऱ्यापर्यंत नव्हे, दारापर्यंत. आणि तिच्या मुलीच्या समोर तिला सांगायचं आहे की ग्रहणाने काही झालं नाही, तुमची काही चूक नव्हती, डावा पाय मी ठेवला. एवढं मी त्या दोघींचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.